बसने जावं, निवांत जेवावं

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या पबात दुपारचं जेवायचं असेल तर बसने जावं, असं माझं ठाम मत झालं आहे. गाडी नेली की जो चालवणार त्याने पाणीच प्यायचं, शिवाय पार्किंगचे तास मोजत बसायचं. शेफिल्डला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने ऑगस्टअखेरच्या एका रविवारी कॅसलटन या खेड्याचा बेत ठरवला, तेव्हा तिने आधीच बजावलं, "गाडी काढायची नाही हं. २७२ ने जाऊ."

रविवारी खेड्यांकडच्या बस कमी असतात. म्हणून परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते बघून मगच पबात फोन करून टेबल सांगून ठेवलं. रविवारचा रोस्ट, म्हणजे भाजलेलं मांस, बटाटे आणि ग्रेव्हीचं ताट, दुपारपुरताच असतो आणि संपला की संपला, त्यामुळे हा फोन टाळू नये. भाड्याची चिंता नाही. जानेवारी २०२५ पासून इंग्लंडातल्या बहुतेक बसना एका फेरीचे ३ पौंडांपेक्षा जास्त घेत नाहीत. ड्रायव्हरला गावाचं नाव सांगायचं, कार्ड टेकवायचं, झालं.

प्रवास तासाभराहून थोडा जास्त. शहर मागे पडलं की फॉक्स हाउसच्या आसपास मोकळा माळ सुरू होतो. १९५१ साली जाहीर झालेलं ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, पीक डिस्ट्रिक्ट, ते हेच. हेदर, म्हणजे माळावरचं जांभळ्या फुलांचं खुरटं झुडूप, फुललं होतं. कासचं पठार बहरात असताना पाहिलं असेल त्याला कळेल, जमिनीचा रंगच बदललेला असतो. हॅदरसेजच्या आधी एक वळण आहे, त्याला सरप्राइज व्ह्यू म्हणतात. तिथे सगळी होप व्हॅली एकदम समोर उघडते, आणि गाडी चालवणाऱ्याला नेमकं तेच नीट बघता येत नाही. कॅसलटनला पोचलं की डोक्यावर मॅम टॉर हा डोंगर. त्याची दरड अजून सरकते आहे, तिच्यापायी तिथला हमरस्ता १९७९ मध्ये कायमचा बंद करावा लागला.

पबात शिरल्यावर नवख्या माणसाला वाटतं, कोणीतरी येऊन ऑर्डर घेईल. बऱ्याच पबांत कोणी येत नाही. टेबलाचा नंबर बघायचा, बारपाशी जायचं, तिथेच सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. बारपाशी रांग दिसत नाही, पण कोण कोणाच्या आधी आलं हे सगळ्यांना पक्कं माहीत असतं. बारमागच्या मुलीने विचारलं तेव्हा मैत्रिणीने आमच्या आधी आलेल्या आजोबांकडे हात केला, मग आमचा नंबर. कुठली एल (इथली पारंपरिक बिअर) घ्यावी कळत नसेल तर घोटभर चव मागावी, आनंदाने देतात. मुलीने लाकडी हँडल सावकाश दोन-तीनदा ओढलं, फेस बसू दिला, मग वरचं थोडं भरलं. ही एल पिंपातच मुरते आणि तळघराच्या गारव्यावर देतात, बर्फासारखी गार नसते. असली एल नामशेष होऊ नये म्हणून १९७१ मध्ये 'कॅमरा' ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली. ती झाली नसती तर हे हँडल आज किती पबांत उरलं असतं कोण जाणे.

मैत्रीण शाकाहारी. तिने नट रोस्ट, म्हणजे सुक्यामेव्याचा भाजलेला शाकाहारी रोस्ट, मागताना दोन गोष्टी विचारून घेतल्या, आणि त्या प्रत्येक शाकाहारी माणसाने विचाराव्यात: ग्रेव्ही मांसाच्या रसाची आहे का, आणि बटाटे कशात भाजलेत? बटाटे पुष्कळदा गाईच्या किंवा बदकाच्या चरबीत भाजतात. रोस्टबरोबर येणाऱ्या फुगीर, बिनगोड यॉर्कशर पुडिंगमध्ये तर अंडं असतंच. तिच्यासाठी वेगळी ग्रेव्ही आली. माझ्या ताटात बीफ, त्यावर झणझणीत हॉर्सरॅडिश सॉस. तो थेट नाकात जातो, आपल्या मोहरीच्या फेसासारखा.

मग बसलो. तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, माझी नोकरी, तिचा नाशिकला परत जायचा विचार, सगळं निघालं. पैसे आधीच दिलेले, त्यामुळे बिल आणून ठेवणारं कोणी नाही. पुण्यात रविवारी जेवताना पुढची मंडळी खुर्चीला खेटून उभी असतात, घास घशाखाली उतरत नाही. इथे शेजारच्या टेबलाखाली कुत्रा झोपला होता आणि त्याच्या मालकीणबाई अर्ध्या पाइंटवर पेपर वाचत होत्या. स्टिकी टॉफी पुडिंग एकच मागवलं, चमचे दोन.

"साडेतीनची जाऊ दे," मैत्रीण म्हणाली. जाऊ दिली. पुढची येईपर्यंत गावातल्या ओढ्याकाठी फिरलो.

आता एडल या गावाचा बेत आहे. १९६५ मध्ये सुरू झालेल्या पेनाइन वे या लांबलचक पायवाटेची सुरुवात तिथल्या ओल्ड नॅग्स हेड या पबपासून होते. शेफिल्डहून एडलला थेट रेल्वे आहे, त्यामुळे गाडी काढायचा प्रश्न तिथेही नाही.