५० मायक्रोसेकंदांची उसंत

२००१ साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आम्ही नवरा-बायकोनं दहा बाय बाराचा गाळा भाड्यानं घेतला. कॉम्प्युटर दुरुस्ती, प्रिंटर, जमेल ते काम. आज आमची सहा माणसं आहेत आणि काम एकच आहे: कारखान्यांतली जुनी यंत्रं नव्या कॉम्प्युटरवर चालती ठेवणं.

या वाटेला आम्ही लागलो ते एका भट्टीमुळे. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत आठ थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारे सेन्सर, होते आणि त्यांचं तापमान नोंदवणारा ४८६ प्रोसेसरचा जुना कॉम्प्युटर जळाला होता. आतलं आयसा कार्ड (जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये बसणारं, थर्मोकपलचं व्होल्टेज आकड्यांत वाचणारं) मात्र धडधाकट होतं. आयसा स्लॉट असलेला नवा बोर्ड शोधून आणला, कार्ड बसवलं, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा प्रोग्राम चालू केला. पडद्यावर आलं ‘रनटाइम एरर २००’ आणि सगळं बंद.

कारण समजायला आठवडा गेला. प्रोग्राम टर्बो पास्कल या जुन्या भाषेत लिहिलेला. एक मिलिसेकंद थांबायला लूपच्या किती फेऱ्या लागतात ते कळावं म्हणून सुरू होतानाच तो घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामं लूप किती वेळा फिरतं ते मोजायचा आणि त्याला ५५ नं भागायचा. नव्या प्रोसेसरवर उत्तर ६५,५३५ च्या पुढं गेलं, १६ बिटांत मावेना. प्रोसेसर फार वेगवान आहे, एवढाच दोष!

तो भाग दुरुस्त केला, पण डॉसवर किती दिवस काढणार? म्हणून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा प्रोग्राम, लिहायला घेतला. जुन्या प्रोग्रामचा क्रम तसाच उचलला: चॅनल (म्हणजे कोणता थर्मोकपल वाचायचा ते) निवडा, मधे आधीच्या रीडिंगचा हिशेब करा, मग व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर सुरू करा. चाचणीला एक थर्मोकपल उकळत्या पाण्यात आणि पुढचा बर्फाच्या पाण्यात धरला. बर्फातला दाखवत होता १४ अंश. तारा बदलल्या, कार्ड पुसलं, तरी १४. शेवटी हिनं दोन्ही थर्मोकपल बर्फात बुडवले आणि आकडा शून्याजवळ आला. म्हणजे आधीच्या चॅनलचं व्होल्टेज पुरतं ओसरायच्या आत आम्ही पुढचं वाचत होतो. ४८६ वर मधल्या हिशेबालाच इतका वेळ लागायचा की कार्डाला आपोआप उसंत मिळायची. नव्या मशीननं तो हिशेब चुटकीसरशी उरकला. चॅनल निवडल्यावर ड्रायव्हरमध्ये ५० मायक्रोसेकंदांचा यूडिले (ठरावीक वेळ थांबण्याचा आदेश) घातला. एक ओळ. बर्फ शून्यावर आला.

तेव्हापासून आमच्याकडे कडक नियम आहे. थांबणं लूपच्या फेऱ्यांत मोजायचं नाही, वेळेतच मांडायचं, आणि प्रत्येक थांब्याशेजारी तो कशासाठी आहे ते लिहायचं. कारण न लिहिलेला थांबा पुढचा माणूस ‘फालतू’ म्हणून काढून टाकतो.

लिनक्सच्या गाभ्यातही, म्हणजे कर्नलमध्येही, असाच एक थांबा वर्षानुवर्षं होता. संथ चिपला श्वास घेऊ द्यायचा म्हणून कर्नल हेक्स ८० क्रमांकाच्या पोर्टवर (हार्डवेअरशी बोलायच्या पत्त्यावर) काहीतरी लिहायचा. ते पोर्ट बूट होतानाच्या तपासणीच्या कोडसाठी असतं, त्यामुळे इजा नाही, आणि आयसाच्या चालीनं त्यात साधारण एक मायक्रोसेकंद जातो. पुढं काही लॅपटॉप नेमके या लिहिण्यानं गोठू लागले. आमच्या साइटवरच्या पोरानं नेलेला लॅपटॉपही त्यातलाच निघाला. घड्याळ वाचायला गेला की ठप्प. २००८ मध्ये कर्नल २.६.२५ आला, त्यात आयओ-डिले हा बूट पर्याय मिळाला: दुसरं पोर्ट वापरा, यूडिले वापरा किंवा थांबूच नका. आम्ही यूडिले निवडला आणि तो लॅपटॉप पुढं चार वर्षं फिरला.

२०१३ च्या ३.८ मध्ये कर्नलमधून ३८६ या जुन्या प्रोसेसरचा आधार निघाला. लिनक्स जन्मला तोच त्या प्रोसेसरवर, त्यामुळे मला चुटपुट लागली. पण निर्णय मला पटतो. कर्नल सांभाळणाऱ्यांनी कुणी चालवत नाही त्या यंत्राचं ओझं का वाहावं? चालवणारे आहेत तिथं सांभाळायचं काम आमच्यासारख्यांचं. ग्राहकाला आम्ही आधीच सांगतो की तुमचा कर्नल आम्ही आहे त्याच आवृत्तीवर ठेवणार, मशीन इंटरनेटला जोडायचं नाही, आणि सुटं कार्ड मिळालं तर आजच घेऊन ठेवा.

त्या भट्टीचं कार्ड अजून चालू आहे. दर दिवाळीच्या सुट्टीत भट्टी थंड असते तेव्हा आम्ही थर्मास भरून बर्फ घेऊन जातो आणि आठही चॅनल एकेक करून तपासतो.