वर्ष संपलं, लॉगबुक अजून अर्धंच

३० मे २०२६, शनिवार, रात्रीचे साडेअकरा

काल आयकार्ड परत दिलं. एचआरच्या मॅडमनी ते मिठाईच्या एका जुन्या डब्यात टाकलं, डब्यात आधीच पंधरा-वीस कार्डं पडलेली, सगळी आमच्यासारख्या ट्रेनी लोकांची, आणि फोटोत सगळे हसतायत. माझ्या फोटोत मी पण हसतेय, गेल्या जूनमधला फोटो ना तो, तेव्हा मला वाटत होतं की मार्केटिंगमध्ये वर्षभर काम म्हणजे एसीत बसून जाहिराती ठरवायच्या.

आता कॉलेजला कंपनीतल्या या वर्षाचं लॉगबुक द्यायचंय. ५२ आठवडे, आठवड्याला एक पान, वर छापलंय "या आठवड्यात काय शिकलात". माझी २३ पानं झालीत. बाकीची कुणाला सांगण्यासारखी आहेत का हेच कळत नाहीये म्हणून आधी इथे लिहून काढते, यातलं कितपत तिकडे जाईल ते बघू.

माझा मावसभाऊ इंग्लंडात शिकतो, त्याच्याकडेपण हे असंच. चार वर्षांची डिग्री, तिसरं वर्ष कंपनीत, मग परत येऊन शेवटचं वर्ष. त्याला ते लोक सँडविच कोर्स म्हणतात. त्याला नऊ-दहा महिने आधीपासून अर्ज, ऑनलाइन टेस्ट, व्हिडिओ इंटरव्ह्यू असं सगळं करावं लागलं. आमच्याकडे सरांनी वर्गात यादी वाचली आणि "साखळी-डिचोली साइडचं कोण आहे?" विचारलं, मी हात वर केला, झालं सिलेक्शन. त्याचं सँडविच, आपला भाजीपाव.

कंपनीचं नाव लिहीत नाही. फरसाण, नमकीन आणि बिस्किटं. हेड ऑफिस मुंबईत, पणजीत दोन खोल्यांचं ऑफिस, म्हापशाच्या बाजूला डिस्ट्रिब्युटरचं गोडाऊन. स्टायपेंड दहा हजार, त्यातले बसला आणि जेवणाला किती जायचे ते विचारू नका, आईने एकदा हिशेब मांडला आणि मग स्वतःच वही बंद केली.

पहिला महिना एक्सेल. दुसऱ्या महिन्यात एरिया मॅनेजर सर म्हणाले जरा मार्केट बघ, आणि मला भाईसोबत बीटवर, म्हणजे ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर, पाठवलं. भाई म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन, पन्नाशीचा माणूस, सगळे त्याला भाईच म्हणतात. गुरुवारची बीट साखळी, होंडा, वाळपई. पाऊस असा की समोरचं दिसत नाही, आणि माझ्या पिशवीत चाळीस पोस्टर, मुंबईहून आलेली, एकदम गुळगुळीत कागद. भाई म्हणाला, "हांगा पोस्टर नाका गो बाय, हांगा छत्री जाय." म्हणजे इथे पोस्टर नको, छत्री हवी. मला वाटलं चेष्टा करतोय. दुसऱ्या पोसऱ्यावर, म्हणजे दुकानावर, पोहोचेपर्यंत पोस्टरांचा लगदा झाला होता.

भाईचं काम बघण्यासारखं आहे. दुकानात शिरला की आधी ऑर्डर विचारत नाही. आधी काउंटरच्या मागे जातो, आपल्या मालावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसतो, तारीख जवळ आलेले पुडे पुढे ओढतो, फुटलेला पुडा असेल तर वेगळा काढून ठेवतो, हे सगळं करता करता दुकानदाराच्या मुलाच्या ॲडमिशनची चौकशी, आणि मग शेवटी मोबाईल काढून, "मग किती लिहू?" इतकंच. दुकानदाराला नाही म्हणायला जागाच राहत नाही. वर्गात आम्ही फोर पी शिकलो, प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन, मॅकार्थी नावाच्या प्रोफेसरने १९६० साली मांडलेले आणि कोटलरनी जगभर पोचवलेले. त्यातला प्लेस म्हणजे साखळीतल्या एका पोसऱ्यावर खालून दुसरी फळी, आणि तिथे आपला माल राहतो की मागच्या डब्यांमागे जातो ते भाईच्या रुमालावर ठरतं. हे मी लॉगबुकात लिहिलं होतं, कॉलेजच्या मॅडमनी शेजारी लाल पेनाने "रेफरन्स?" असं लिहिलंय.

आता एक कबूल करायचंय. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भाईला ताप होता म्हणून बीट मी एकटीने केली. ॲपमध्ये प्रत्येक दुकान "व्हिजिटेड" मारायचं असतं आणि ऑर्डर मिळाली तर तो प्रॉडक्टिव्ह कॉल. पाऊस थांबेना, होंड्याला बस स्टँडवर एका शेडखाली उभी राहिले आणि पुढची सात दुकानं तिथूनच व्हिजिटेड मारली, ऑर्डर निल. ॲप लोकेशन पकडतं हे मला माहीतच नव्हतं. सोमवारी सरांनी नकाशा उघडून दाखवला, सात ठिपके एकावर एक, बस स्टँडवर. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "एवढी दुकानं एकाच शेडमध्ये, चांगलं मार्केट आहे." अजून आठवलं की कानशिलं तापतात. पुढच्या गुरुवारी सातही दुकानं पायी केली, त्यातल्या चौघांनी ऑर्डर दिली, म्हणजे त्या दिवशी मी चार ऑर्डरी बुडवल्या होत्या.

आणि मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. खरं तर याच्याबद्दलच लिहायला बसले होते.

जुलैत मीटिंगमध्ये मुंबईचा वर्षाचा प्लॅन दाखवला. आम्ही कागदावर "महाराष्ट्र-गोवा", एकाच रकान्यात. पहिल्या स्लाइडवर माड, समुद्र आणि "सुशेगाद" (निवांत) हा शब्द. (वाळपईकडच्या सत्तरी तालुक्यात समुद्र कुठे आहे ते कुणीतरी दाखवा मला. आमच्या आजीने तर वर्षानुवर्षं समुद्र बघितलेला नाही.) सगळा खर्च दिवाळीला, गिफ्ट पॅक, डिस्प्ले, स्कीम. चवथीला नुसतं एक पोस्टर. मी हात वर केला, म्हटलं सर गोव्यात मोठा सण चवथ, पणजी-मडगावचे लोक फ्लॅटला कुलूप लावून मूळ घरी जातात, म्हणजे त्या पाच दिवसांत शहरातली दुकानं थंड आणि गावातल्या पोसऱ्यावर रांग. आणि रात्री आरत्या. आमच्या वाड्यावर घुमट-शामेळ ही वाद्यं घेऊन पोरं घरोघरी फिरतात, प्रत्येक घरात आरती झाली की काहीतरी हातावर ठेवावं लागतं, पूर्वी उसळ, लाडू, नेवऱ्या, आता घरात माणसंच कमी म्हणून निम्म्या घरांत फरसाणाचे छोटे पुडे. हे मी कुठल्या सर्व्हेतून नाही सांगत, गेली पाच वर्षं पुडे वाटायचं काम माझ्याकडेच आहे.

सर म्हणाले, पॉइंट चांगला आहे, मेल कर. मेल केला. उत्तर आलं, "नोटेड."

२७ ऑगस्टला चवथ होती. पण त्याआधी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार. बस, बाजार गोठला. कशावर किती कमी होणार ते कुणालाच माहीत नाही, पण कमी होणार म्हटल्यावर आज जास्त माल कोण भरून ठेवणार? डिस्ट्रिब्युटरने कंपनीकडून उचल कमी केली, दुकानदारांनी डिस्ट्रिब्युटरकडून. मी मेलमध्ये चवथीचं सगळं बरोबर लिहिलं होतं, वाड्यावरच्या आरत्यांपर्यंत, आणि माल गोडाऊनपर्यंतच आला नाही तर काय याचा विचारच केला नव्हता. वाळपईच्या काकींचा पोसरो चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामा. नमकीनचा दहावाला पुडा एकसुद्धा नाही. मला फोन, "बाय, धाड गो कितेंय," काहीतरी पाठव म्हणून. गोडाऊनवालापण चवथीला गावी गेलेला. मी स्वतः घरच्या वाटायच्या पुड्यांतले तीस पुडे स्कूटरवर घालून काकींना नेऊन दिले. याला सेकंडरी सेल (डिस्ट्रिब्युटरने दुकानाला केलेली विक्री) म्हणतात की चोरी ते माहीत नाही, आईने मात्र दुसराच शब्द वापरला.

तिथेच काकींच्या दुकानात आमचं पोस्टर लावलेलं होतं, भाईने शेवटी लावलंच होतं. मोठा गणपती, समोर उकडीच्या मोदकांचं ताट, पाठीमागे ढोल-ताशा. वर माटोळी नाही. काकी त्याकडे बघून म्हणाल्या, "हो मुंबयचो गणपती गो." रागाने नाही, नुसतं सांगितलं, जसं पाहुण्याबद्दल सांगतात. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला बांधलेली रानातली फळं, कांगलां, नारळ, सुपारीचे घोस, आमच्याकडे ती नसेल तर चवथ वाटतच नाही. मी पोस्टरचा फोटो काढून आर्ट डिपार्टमेंटला पाठवला. तिकडून अंगठा आला.

मग ३ सप्टेंबरला जीएसटीचे दर जाहीर झाले, २२ पासून लागू. बिस्किटं १८ वरून ५ टक्के, नमकीन १२ वरून ५. पेपरात ग्राहकांची चांदी वगैरे. आमच्याकडे पुढचे तीन आठवडे मी गोडाऊनमध्ये बसून जुन्या मालावर नव्या किमतीचे स्टिकर लावले. मार्केटिंग ट्रेनी! मी, दोन हमाल आणि एक पंखा, तो पण लायट असेल तेव्हा. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा हिशेबाने चार रुपये पंचेचाळीस पैशांना बसतो, दुकानदार विचारतात पंचावन्न पैसे परत कसे देऊ, पन्नास पैसे गोव्यात शेवटचे कुणी बघितले? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका म्हाताऱ्याने पुडा आणि स्टिकर दोन्ही निरखून बघितलं, पाच रुपये दिले आणि वरचे "पोरीला चॉकलेटाला" म्हणून माझ्याकडे बघत निघून गेला. वर्गात प्राइसिंगच्या लेक्चरला मी कायम मागच्या बाकावर असायचे. आता एमआरपीतून टॅक्स कसा काढायचा, डिस्ट्रिब्युटरचं मार्जिन कुठे बसतं, दुकानदाराचं कुठे, जुन्या स्टॉकची क्रेडिट नोट का अडकते, हे झोपेत विचारा.

दिवाळीला गिफ्ट पॅक आले. खोटं कशाला बोलू, पणजीत गेले, पाटोवरच्या ऑफिसांनी घेतले, दोन बँकांनी पण. इतकीपण मी बरोबर नव्हते. पण साखळी-वाळपईला दिवाळी म्हणजे आदल्या रात्री नरकासुर फिरवायचा, पहाटे जाळायचा आणि मग फोव, म्हणजे पोहे, दुधातले, गुळातले, बटाट्याचे, ताकातले, ज्याच्या त्याच्या घरी जायचं आणि फोव खायचे. तिथे रिबीन बांधलेल्या खोक्याचं काय काम? पॅक परत आले, जानेवारीपर्यंत गोडाऊनमध्ये, रिबिनी उंदरांनी कुरतडल्या.

डिसेंबर ते मार्च फार काही नाही. टुरिस्ट सीझन, किनाऱ्यावरच्या दुकानांचं काम दुसऱ्या ट्रेनीकडे होतं, तिचे रील व्हायरल झाले, माझे नाही. एप्रिलमध्ये कॉलेजच्या मॅडम व्हिजिटला आल्या, वर्षातून एकदाच येतात, सरांसोबत चहा घेतला, मला विचारलं "एन्जॉयिंग?" मी हो म्हटलं. काय सांगणार, स्टिकर?

आज दुपारी आई म्हणाली लॉगबुकात चांगलं चांगलं लिही, मार्क आहेत त्याला. बाबांचं म्हणणं सात दुकानांचंपण लिही. मी २४व्या पानावर थांबलेय, तो आठवडा चवथीनंतरचा नाही, स्टिकरचा पण नाही, तो नुसताच भाईसोबत फिरण्याचा आठवडा आहे आणि मला त्यातलं फक्त एवढंच आठवतंय की त्याचा रुमाल निळ्या चौकड्यांचा होता.

हे लिहिताना मधेच व्हॉट्सॲप वाजलं. वाळपईच्या काकी, व्हॉइस मेसेज. यंदा चवथ १४ सप्टेंबरला, आरतीवाल्यांसाठी दहावाले पुडे आताच सांगून ठेवते, पाच पेटी, गेल्या वर्षासारखं करू नको. मी उत्तर पाठवलं की काकी मी आता तिथे नाही, काल शेवटचा दिवस होता. लगेच दुसरा मेसेज.

"मगीर हांवें कोणाक फोन करप?" (मग मी कोणाला फोन करायचा?)

नव्या ट्रेनीचं नाव अजून ठरलेलं नाही. भाईचा नंबर पाठवला, आणि पाच पेटी वहीत लिहून ठेवल्या.