तुम्ही विचारलंत म्हणून : अरिमात मूळ लोक उरलेत का?

त्रिनिदाद बेटावरच्या अरिमा शहराबद्दल काही लिहिलं की प्रश्न हमखास येतो : “तिथले मूळ लोक कधीच संपले ना? मग सांता रोजा या कॅथलिक संताच्या सणात राणी म्हणून मिरवते ती कोण?” एकदा सविस्तर सांगते.

संपले नाहीत. वहीतून वगळले गेले.

1783मध्ये स्पेनच्या राजाने परदेशी कॅथलिक मळेवाल्यांना या बेटावर जमिनी देऊ केल्या. फ्रेंच मळेवाले गुलामांसह आले. त्यांना उसासाठी सपाट जमीन हवी होती, आणि टाकारिग्वा, अरौका इथल्या मूळ लोकांच्या वस्त्या नेमक्या तशा जमिनीवर. गव्हर्नर चाकोन यांच्या काळात, 1785-86च्या सुमारास, त्या माणसांना उठवून अरिमाच्या मिशनात, म्हणजे चर्चच्या वसाहतीत, आणून बसवलं. बदल्यात जमीन मिळाली, पण ती समूहाला, मिशनच्या देखरेखीखाली. आपल्याकडे सातबारावर नाव लागतं तसं कुणाचंच नाव तिला लागलं नाही. मेख इथेच आहे. जमिनीवरचा हक्क ‘इंडियन’ म्हणून होता (भारतीय नव्हे, मूळ लोकांना तेव्हा हेच म्हणत). म्हणजे इंडियन किती, हे बाप्तिस्म्याची वही ठरवणार. 1797मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं. पुढे डोंगरउतारांवर कोकोची लागवड वाढली, व्हेनेझुएलातून मजूर आले, लग्नं जुळली. मिश्र लग्नातलं मूल बहुधा दुसऱ्या रकान्यात जाई. घर तेच, आजी तीच, परसातला कसावाही (आपल्या साबुदाण्याचा कंद) तोच. रकाना मात्र बदललेला. आकडा घटत गेला आणि मिशनची जमीन इतरांच्या हाती गेली. “उरलेत किती?” हा तुमचा प्रश्न त्याच वहीतून आलाय, म्हणून तो मला टोचतो.

हेही खरं की भाषा गेली. आडनावं स्पॅनिश आहेत, रक्तात आफ्रिका आहे, भारतही आहे. काही विधी अलीकडे, गयाना-डॉमिनिकातल्या मूळ लोकांशी संबंध जोडून, नव्याने उभे केलेत. आणि सांता रोजा तर चर्चचीच संत. हा सण लादलेला, असं मी ठासून म्हणायचे. आता वाटतं, याच सणामुळे माणसं एकत्र राहिली. पण मिशन नसतं तर सणाची गरजच काय होती? दोन्ही वाक्यं मला खरी वाटतात.

ज्ञान मात्र हातात टिकलं. तो परसातला कसावाच घ्या. त्याच्या कडू जातीत सायनाइड तयार होतं. कंद सोलून बारीक किसायचा. जाड तुकडे राहिले की रस आतच अडकतो. तिरीत नावाच्या वेतासारख्या रोपाच्या पट्ट्यांची विणलेली लांब नळी, सेबुकान, किसाने भरून आढ्याला टांगायची, खालच्या कडीत दांडा घालून त्यावर बसायचं. नळी ताणली की अरुंद होते आणि रस पिळून निघतो. तो रस विषारी; कोंबड्यांच्या वाटेत सांडायचा नाही. उकळला की विष उडून जातं. कोरडा कीस चाळून तव्यावर थापला की त्याची भाकरी होते. ओल राहिली तर ती लवकर बुरसते.

समाजाची संघटना 1970च्या दशकात उभी राहिली, 1990मध्ये सरकारने मान्यता दिली, 13 ऑक्टोबर 2017ला एकदाच सुट्टीही दिली. ब्लॅंशिझूझ रस्त्यालगत 25 एकर जमीन देऊ केली. कसाव्याला पीक यायला आठ-दहा महिने तरी लागतात, तिरीतला ओलसर रान लागतं, माणसांना घरं लागतात. एवढं सगळं 25 एकरांत कसं बसवायचं, हे कुणी मला विचारत नाही.