तुम्ही विचारलंत म्हणून : ल्युसिंडाच्या त्या अल्बमचं एवढं काय?

अमेरिकन गायिका-गीतकार ल्युसिंडा विल्यम्सचा ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’ हा अल्बम कुणाला ऐकवला की दोन प्रश्न ठरलेले. ‘बाई झोपेतून उठून गातेय का?’ आणि ‘समीक्षकांनी एवढा डोक्यावर घेतला, तर आम्ही नाव कसं ऐकलं नाही?’

पहिल्याचं उत्तर सोपं. ती लुइझियानातल्या लेक चार्ल्सची. शब्द ओढत, शेवट गिळत गाणं हा तिकडच्या बोलीचाच गुण. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही तिसऱ्या गाण्याला बंद केलं होतं.

दुसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे. लॉस एंजेलिसच्या रेकॉर्ड कंपनीवाल्यांना ती फार कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या संगीताची वाटायची, तर त्या संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलवाल्यांना फार रॉक. धड इकडे ना तिकडे. शेवटी 1988 साली तिचा अल्बम काढला तो रफ ट्रेडने, म्हणजे इंग्लंडातल्या पंकवाल्यांनी! त्यातलं ‘पॅशनेट किसेस’ पुढे कंट्री गायिका मेरी चेपिन कार्पेंटरने गायलं. तेच रेडिओवर वाजलं आणि 1994 साली सर्वोत्कृष्ट कंट्री गाण्याचं ग्रॅमीही मिळालं. गाणं चाललं, ते लिहिणारी ल्युसिंडा नाही.

मग 1998 साली हा अल्बम आला, आधीच्यानंतर सहा वर्षांनी. ऑस्टिनमध्ये तिचा गिटारवादक आणि निर्माता गर्फ मॉर्लिक्सबरोबर बरंचसं रेकॉर्डिंग झालं होतं. ते बाजूला ठेवून नॅशव्हिलमध्ये स्टीव्ह अर्ल आणि रे केनेडी या निर्मात्यांबरोबर पुन्हा केलं, आणि शेवटचा हात फिरवला ब्रूस स्प्रिंगस्टीनचा पियानोवादक रॉय बिटनने. मॉर्लिक्सशी वर्षानुवर्षांची साथ यात तुटली. समीक्षक मात्र हरखले. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकाच्या समीक्षकांच्या वार्षिक मतदानात पहिला नंबर, समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊकडून ए प्लस ही सर्वोच्च श्रेणी. ग्रॅमी मिळालं ते लोकसंगीताच्या खान्यात. कंट्रीवाल्यांनी तेव्हाही दार उघडलं नाही. तरी खप हळूहळू पाच लाखांच्या पुढे गेला, म्हणजे अमेरिकेत ‘गोल्ड’ ठरला, तिचा पहिलाच. म्हणजे लोकांनी ऐकलाच नाही असं नाही, फक्त रेडिओने कानावर घातला नाही.

माझी तक्रार आहे ती कौतुक करणाऱ्यांशी. ती सहा वर्षं त्यांना फार भावली. जो तो लिहितो बाईच्या हट्टाबद्दल, एकेका ओळीसाठीच्या चिकाटीबद्दल. पुरुष असाच अडून बसला की प्रतिभावंत आणि बाई बसली की विक्षिप्त, हे तिने स्वतःही बोलून दाखवलंय. पण अहो, उशीर हा काही गुण नव्हे. इतकं घासूनपुसूनही हा अल्बम घासल्यासारखा वाटत नाही, हे खरं नवल.

शीर्षकगीतच घ्या. गाडीच्या मागच्या सीटवर चार-पाच वर्षांची पोर, चेहरा अश्रूंनी आणि धुळीने माखलेला. स्वयंपाकघरातले वास, रेडिओ, मोठ्यांचं दबक्या आवाजातलं बोलणं आणि चाकांखालची खडी. घर का सोडायचं, हे तिला कुणी सांगत नाही. तिचे वडील मिलर विल्यम्स कवी. प्राध्यापकीपायी गावं बदलत राहिले : मेकन, बॅटन रूज, न्यू ऑर्लिन्स, थेट चिलीतलं सांतियागोसुद्धा. हे गाणं त्यांनी नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत ऐकलं आणि लेकीजवळ येऊन तिची माफी मागितली. तिला कळेना, कशाबद्दल? ती मुलगी तूच, असं त्यांनी सांगेपर्यंत आपण स्वतःवरच लिहिलंय हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. या अल्बमवरचा याहून नेमका अभिप्राय मी कुठे वाचलेला नाही.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. चार वर्षांत माझ्या तीन शाळा झाल्या. सामान ट्रकमध्ये, आम्ही भावंडं जीपच्या मागे, खाली कालव्याकडेचा मुरमाचा रस्ता. परवा हे गाणं त्यांना ऐकवलं, ओळीओळीचा अर्थ सांगितला. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

मग म्हणाले, ‘गाडी कुठली होती त्यांची?’

गाण्यात ते सांगितलेलं नाही.