पुण्याचा रस्ता आणि दुपारची झोप

गोव्यातून मोटारीने पुण्याला निघालेल्या माणसाला घाटाची भीती घालण्याची आपल्याकडे रीतच आहे. "चोर्ला सांभाळून," "अनमोडला धुके असेल," असे निरोप देताना प्रत्येक जण बजावतो. पावसाळ्यात ही काळजी रास्तच आहे. तरीही या रस्त्याने वर्षानुवर्षे गाडी चालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, निदान झोपेच्या बाबतीत घाट हा या प्रवासाचा सर्वांत निर्धोक भाग आहे. केरी सोडून चढ सुरू झाला की वळणामागून वळण येते, गिअर बदलावा लागतो, समोरून उतरणाऱ्या ट्रकला वाट द्यावी लागते, आणि या गडबडीत डोळ्यांना मिटायला सवड मिळत नाही. झोप गाठते ती त्यानंतर. कणकुंबी आणि जांबोटी मागे पडून बेळगावला राष्ट्रीय महामार्ग ४८ लागला की रस्ता रुंद होतो, मध्ये दुभाजक येतो, समोरून कोणी येण्याचा प्रश्न राहत नाही आणि निपाणीअलीकडचा तवंदी घाट वगळला तर स्टिअरिंग फारसे हलवावेही लागत नाही. मन निवांत होते, आणि हा निवांतपणाच घातक असतो.

गाडीतली झोप म्हणजे डोळे मिटून घोरू लागणे नव्हे. थकलेला मेंदू दोन-चार सेकंदांसाठी, कधी त्याहून अधिक काळ, परस्पर काम थांबवतो. डोळे अर्धवट उघडे असू शकतात, हात स्टिअरिंगवरच असतात, आणि आपली डुलकी लागून गेली हे चालकाला पुष्कळदा कळतही नाही. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर पुढे सरकते. म्हणजे चार सेकंदांच्या डुलकीत १०० मीटर अंतर ती कोणीही न चालवता कापते. शिवाय झोपाळलेल्या माणसाला आपण किती झोपाळलो आहोत याचा अंदाज नीट येत नाही, त्यामुळे "मला कळेल तेव्हा थांबेन" या भरवशाला फारसा अर्थ उरत नाही. वारंवार येणाऱ्या जांभया, सारखे सीटवर सरसावून बसणे, रस्त्याकडेच्या खडबडीत पट्ट्यावर चाक गेल्यावर होणारी घरघर या खुणा सर्वांना ठाऊक असतात. मला त्यांच्यापेक्षा आणखी एक खूण विश्वासाची वाटते. किणीचा टोलनाका ओलांडून तासवड्याच्या नाक्यावर पोहोचल्यावर मधल्या रस्त्यात काय पाहिले, कोणाला ओलांडले, हे काहीच आठवत नसेल, तर गाडी चालवण्याची वेळ संपलेली असते.

झोपेचा दाब दोन बाजूंनी येतो. एक म्हणजे जागे राहिलेल्या तासांचा हिशेब. आपण जितका वेळ जागे असतो तितके मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते झोपेनेच कमी होते. दुसरे म्हणजे शरीराचे घड्याळ, जे चोवीस तासांत दोनदा आपल्याला खाली खेचते: पहाटे साधारण दोन ते सहाच्या दरम्यान जोरात आणि दुपारी एक ते चारच्या दरम्यान थोडे कमी. दुपारची सुस्ती जेवणामुळेच येते असे आपण समजतो, पण न जेवलेल्या माणसालाही ती येते. जड जेवण तिला अधिक गडद करते इतकेच. सकाळी आठला डिचोलीहून निघालेला माणूस एकच्या सुमारास कोल्हापूरच्या आसपास असतो. तिथे तांबडा-पांढरा रस्सा पोटभर ओरपून तो दोन वाजता पुन्हा स्टिअरिंगवर बसतो, आणि कराडपर्यंतचा सरळ रस्ता नेमका या घसरणीच्या तळाशी येतो. हे गणित इतके बेमालूम जमते की कोणी मुद्दाम मांडले असावे असे वाटावे.

गंमत अशी की ही गोष्ट गोव्याला समजावून सांगण्याची गरज नसावी. म्हापशात किंवा फोंड्यात दुपारी एकच्या सुमारास अनेक दुकानांची शटरे खाली येतात ती तीन-साडेतीनपर्यंत वर होत नाहीत, आणि बाहेरची मंडळी त्यावरून आपली यथेच्छ थट्टा करतात. शरीर दुपारी विश्रांती मागते हे आपल्या बाजारपेठांनी पिढ्यान्‌पिढ्या मान्य केले आहे. मात्र घरी शीतकडी जेवून निमूटपणे आडवा होणारा हाच गृहस्थ गाडीत बसला की एकदम वीर होतो. पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी लावून वीस मिनिटे डोळे मिटायला त्याला लाज वाटते, आणि "पुण्याला सात तासांत पोहोचलो" हे वाक्य पुढच्या लग्नसमारंभापर्यंत पुरते.

त्याऐवजी तो जे उपाय करतो ते बहुतेक कुचकामी आहेत. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातील जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी १९९० च्या दशकात झोपाळलेल्या चालकांना सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवल्याचा भास देणाऱ्या यंत्रावर, बसवून या उपायांची परीक्षा घेतली. तोंडावर थंड हवेचा झोत आणि रेडिओ यांचा परिणाम अल्पकाळच टिकतो, असे त्यांना आढळले. उपयोग झाला तो दोन गोष्टींचा: पंधरा मिनिटांच्या आतबाहेरची डुलकी आणि १५० ते २०० मिलिग्रॅम कॅफिन, आणि या दोहोंची जोड सर्वांत उत्तम. कॅफिन ॲडिनोसिनची जागा अडवते, पण त्याचा अंमल सुरू व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. म्हणून आधी कॉफी प्यावी आणि लगेच झोपावे. डुलकी संपते तेव्हा कॉफी कामाला लागलेली असते. टपरीवरच्या छोट्या ग्लासातला चहा या हिशेबात कमी पडतो. त्या चहाने तरतरी येते ती बरीचशी गाडीतून उतरून चार पावले चालल्यामुळे येते, असा माझा संशय आहे.

डुलकी वीस मिनिटांपेक्षा लांबवू नये, कारण झोप खोल गेली की उठल्यावर डोके जड राहते आणि ते जडपण जायला बराच वेळ लागतो. मी मोबाईलचा गजर लावतो, सीट मागे करतो आणि झोप लागली नाही तरी डोळे मिटून पडून राहतो. उठल्यावर तोंड धुऊन थोडे चालतो आणि दहा मिनिटे गेल्यावरच गाडी सुरू करतो. जागा निवडताना महामार्गाची कड नको. मागून येणारा दुसरा झोपाळू चालक उभ्या गाडीवर येऊन आदळू शकतो. पेट्रोल पंप किंवा वर्दळीच्या हॉटेलचे आवार बरे. एसीसाठी इंजिन चालू ठेवून बंदिस्त जागेत झोपणे कटाक्षाने टाळावे, कारण एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी चालवतानाही एसी तासन्‌तास आतलीच हवा फिरवण्यावर ठेवला, तर चार माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढत जाऊन सुस्ती येते. अधूनमधून बाहेरची हवा आत घेणारे बटण दाबावे.

आता रात्रीच्या प्रवासाविषयी, कारण चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली की पुण्या-मुंबईतली आपली मुले कामावरून सुटून थेट गावाकडे निघतात. सकाळी सातला उठलेला, दिवसभर कचेरीत बसलेला मुलगा रात्री दहाला पुणे सोडतो. बाराच्या सुमारास तो साताऱ्याजवळ असतो आणि त्याला जागून सतरा तास झालेले असतात. ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे एक थेंबही न पिता हा मुलगा साताऱ्यातच दोषी ठरावा अशा अवस्थेत असतो, आणि पोलिसांच्या कोणत्याही नळीत फुंकून ते दिसत नाही. पुढे बेळगाव येते चारच्या सुमारास, आणि चोर्ला घाटाची उतरण पाचच्या आगेमागे, शरीराचे घड्याळ अगदी तळाला असताना. या वेळी मात्र वळणेसुद्धा माणसाला जागे ठेवू शकतील, याची मी हमी देणार नाही.

भाड्याची गाडी करणाऱ्यांनीही हाच हिशेब करावा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ नुसार त्या कायद्याखालच्या चालकाला सलग पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नसे आणि त्यानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागे. रात्री मोपा विमानतळाच्या दोन खेपा करून पहाटे आपल्या दारात उभा राहिलेला चालक हे आपण होऊन सांगणार नाही. "काल रात्री किती झोपलात, बाब?" एवढे विचारण्यात त्याचा अपमान होत नाही. सर्दीची गोळी घेतली आहे का, हेही विचारावे; सेट्रिझिन किंवा क्लोरफेनिरामाइन असलेल्या गोळ्यांनी झोप येते. घाटात उलटी होऊ नये म्हणून घेतली जाणारी ॲव्होमिन तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. ती मागच्या सीटवरच्यांनी घ्यावी. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याने मात्र जागे राहावे. चालकाच्या जांभया मोजायला आणि गाडी थांबवायला लावायला दुसरे कोणी नसते.

पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा दर चवथीला म्हणतो, "मामा, रात्री रस्ता मोकळा असतो, सहा तासांत येतो." यंदा मी त्याच्याशी घासाघीस करून ठेवली आहे. आदल्या दिवशी दहाला झोपायचे, पहाटे सहाला निघायचे, बेळगावला बाराच्या आत हलके जेवायचे, तिथेच वीस मिनिटे आडवे व्हायचे, आणि घाट उतरून चहाला घरी यायचे. गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायला तो संध्याकाळपर्यंत आला तरी चालेल, असे त्याच्या आईनेही कबूल केले आहे.