नव्वद दिवसांचा पाव्हणा

भाऊबीज, विटा

सकाळच्या एसटीनं तासगावमार्गे अक्काकडं आलो. वाटेत काही द्राक्षबागांच्या फळछाटण्या उरकून पोंगे फुटलेले, काही बागा अजून तशाच उभ्या. एका थांब्यालगतच्या बागेत आठ-दहा पोरं काड्यांना पेस्ट लावत होती आणि बांधावरच्या मोबाईलवर भोजपुरी गाणं चाललं होतं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. मीही हलवली. आपण कशाला होकार दिला ते मला विटा येईपर्यंत कळलं नाही.

अक्कानं ओवाळलं. ताटात पाचशेची नोट टाकली तर म्हणाली, "फॉरेनला राहतोस आन् पाचशेच?" दरवर्षी हेच. तिला कितीदा सांगितलं की मी तिथं कमवायला राहत नाही, खर्चायला राहतो. लोक बाहेर जाऊन घरी पैसे पाठवतात. मी घरचा पैसा बाहेर नेतो. हे ऐकलं की तिचा चेहरा असा होतो, की मी सांगायचं सोडूनच दिलंय.

दाजी कोइमतूरहून आलेत. खानापूर, आटपाडी हा सगळा दुष्काळी पट्टा. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं ते अलीकडं. त्याआधी इथल्या घराघरांतला एखादा तरी पोरगा गलाईच्या धंद्यावर बाहेर असायचा. जुनं सोनं, सराफाच्या दुकानातला झाडलोटीचा कचरासुद्धा, मुशीत वितळवायचा, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, घालून शुद्ध करायचा, टंच, म्हणजे शुद्धतेचा कस, काढून द्यायचा. दाजी 1972च्या दुष्काळात गेले, चौदाव्या वर्षी, चुलत्याच्या भट्टीवर. तेजाबाच्या धुरानं छाती कायमची धरलेली. जेवताना दोन घासांमागं एकदा खोकतात, आणि आपण सगळे ते ऐकू न आल्यासारखं करतो.

जेवताना भाचा सुरू झाला. आयटीआय केलेला, कुपवाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर होता, दोन महिन्यांपूर्वी घरी बसवला. "मामा, आता गेटवर पयलं विचारतात, हितंच शेडमध्ये राहणार का? भय्या राहतो. बारा तास उभा राहतो. गावच्या यात्रेला सुट्टी मागत नाही. आम्ही मागतो. एकदा ह्यांना रेल्वेत भरून परत पाठवलं पायजे."

त्याचं सगळंच खोटं नाही. शेडमध्ये झोपणारा माणूस मालकाला स्वस्त पडतो, आणि स्वस्ताईपुढं आपल्या पोराची यात्रा हरते. फक्त अर्ध्या तासाच्या बोलण्यात त्यानं ठेकेदाराचं नाव एकदाही घेतलं नाही. ठेकेदार विट्याचाच आहे.

दाजी भाकरी मोडत म्हणाले, "आमाला कोइमतुरात काय म्हणत्यात म्हाईताय का तुला? वडक्कन. म्हंजे उत्तरंकडचा. विट्याचा गलाईवाला, राजस्थानचा मारवाडी, बिहारचा गवंडी, समदे एकाच पाटीत."

"ते येगळं हो आबा. तुमी तिकडं धंदा घातला."

"त्ये तिकडच्यांस्नी सांग की जाऊन."

अक्का माझ्याकडं वळली. "तू सांग की रं. तू तर भायेरच राहतोस."

मी म्हटलं, "आमटी वाढ."

शनिवार, सांगली

विश्रामबागचा फ्लॅट वर्षातले दहा महिने बंद असतो. आलं की पहिले चार दिवस कोळिष्टकं काढण्यात जातात. आज रात्री झोप येईना म्हणून काल न दिलेलं उत्तर लिहून काढतो.

मी राहतो चियांग माईत, उत्तर थायलंडमध्ये. वालचंद कॉलेजातून बाहेर पडलो, सूतगिरण्यांत आयुष्य घालवलं, त्यातली नऊ वर्षं थायलंडच्या एका गिरणीत. ही गेली 2018 साली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, निम्मी सांगली तिच्या ओळखीची. ती गेल्यावर जो भेटेल तो विचारायचा, "आता एकटेच?" वर्षभर या प्रश्नाला उत्तरं दिली आणि 2019 साली उठून तिकडं गेलो. तिथं कोणी विचारत नाही. विचारलं तरी मला पुरतं कळत नाही. परक्या भाषेचा हा मोठा आराम आहे.

तिकडं राहायला लागणाऱ्या माझ्या व्हिशाचं नावच 'नॉन-इमिग्रंट' आहे. म्हणजे स्थायिक व्हायला न आलेला. आणि तो घ्यायचा कुठं, तर इमिग्रेशनच्या कचेरीत. वय पन्नास किंवा जास्त पाहिजे. 8 लाख बाट तिथल्या बँकेत, म्हणजे आपले वीस लाखांच्या वर. अर्जाआधी दोन महिने ते तसेच पडून पाहिजेत, मुदत वाढल्यावर आणखी तीन महिने, आणि नंतरही 4 लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. मुदतवाढ एका वर्षाची, फी 1,900 बाट. सुट्टीला घरी यायचं तर आधी परत येण्याचा परवाना काढायचा, नाहीतर देशाबाहेर पडता पडता वर्षाची मुदत रद्द. जमीन विकत घेता येत नाही. काम करता येत नाही. आणि दर नव्वद दिवसांनी जाऊन सांगायचं की मी अजून त्याच पत्त्यावर आहे.

पहिल्या वर्षी याचा अपमान वाटायचा. आता वाटत नाही. मी राहायला आलो तेव्हा घरमालकिणीनं चोवीस तासांत माझी नोंद केली, तिला तसा कायदाच आहे, आणि मग संध्याकाळी पपईचं सॅलड आणून दिलं. दोन्ही एकाच हसऱ्या तोंडानं. नियम स्पष्ट आहे, सगळ्यांना माहीत आहे, त्यात राग नाही. देशानं आपलं दार आपल्या हिशोबानं उघडावं, यात मला वावगं काही दिसत नाही. ज्यांना दारच नको आहेत त्यांच्यातला मी नाही.

पण एक गंमत आहे. थाई लोक आपल्याला 'खॅक' म्हणतात. भारतीयांना, अरबांना, मलायी लोकांना. शब्दाचा अर्थ पाहुणा. कधी प्रेमानं म्हणतात, कधी नाक मुरडून, ते सुरावरून ओळखायचं. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा हसूच आलं. आपल्याकडं स्टँडवर अनोळखी माणसाला हाक मारायची तर "ओ पाव्हणं!" त्यातही कधी चहा पाजायचा असतो, कधी भांडायचं असतं.

आमच्या इमारतीत एक इंग्रज आहे. चौदा वर्षं झाली त्याला. थाई भाषेत बिअर मागता येते आणि बिल मागता येतं, त्यापुढं गाडी नाही. रोज संध्याकाळी खालच्या बाकावर बसून तो मला सांगतो, त्याच्या गावात बाहेरून आलेले लोक इंग्रजी शिकत नाहीत, आपापल्यातच राहतात, देश बदलून टाकलाय. हे तो सहा इंग्रज आणि एका सांगलीकराच्या घोळक्यात बसून सांगतो. त्याची सरकारी पेन्शन थायलंडमध्ये राहतो म्हणून गोठलेली आहे, सुरू झाली त्या आकड्यावरच, मायदेशातल्यांची मात्र दरवर्षी वाढते. त्याचं खरं दुखणं ते. पंधरा वर्षांहून जास्त बाहेर राहिलेल्यांचा मताचा हक्क त्यांच्या देशात संपायचा, ती अट 2024 साली गेली. तो खूश आहे. मत कोणाला देणार हे सांगताना त्याचा आवाज वाढतो, आणि मागं जिना पुसणारी बाई तेवढ्यापुरती थांबते.

ती शान जमातीची आहे, म्यानमारमधली. वीस वर्षं चियांग माईत. उत्तम थाई बोलते, उत्सवात सगळ्यांच्या पुढं असते. तिच्याकडं परदेशी कामगाराचं गुलाबी कार्ड, आणि कागदावर मालकाचं नाव. मालक सुटला की कागद लटकला. मी बँकेतल्या पैशाच्या आधारावर उभा, ती मालकाच्या. मला सगळे एक्सपॅट, म्हणजे परदेशी राहणारा, म्हणतात. तिला म्हणतात म्यानमारवाली.

इंग्रजाला हसणं सोपं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ झाला. त्या आठवड्यात त्याच बाकावर बसून मी म्हणालो होतो, "आता गर्दी होणार. गोंगाट करतात फार." तो म्हणाला, "एग्झॅक्टली."

फेब्रुवारी ते एप्रिल तिथं शेतं आणि रानं जळतात, डोंगर दिसेनासा होतो, घसा धरतो. आपल्याकडं पाचट जाळतात तसंच, फक्त तीन महिने. हे उगीच आठवलं. दाजींच्या खोकल्यावरून असेल.

मंगळवार

बँकेत हयातीचा दाखला. हिचं कुटुंब निवृत्तिवेतन मला मिळतं, त्यासाठी नोव्हेंबरात यादीत नावासमोर सही, आणि पुनर्विवाह केला नाही हेही लिहून द्यायचं. खिडकीवरची मुलगी हिचीच विद्यार्थिनी निघाली. "सर, लग्न नाही ना केलं?" म्हणाली आणि लाजली. तिकडचं सरकार विचारतं कुठं राहतोस, इकडचं विचारतं जगतोस का. पाऊण तासात काम झालं. येताना भडंग घेतलं.

गुरुवार

सोसायटीत रंगकाम चाललंय. परांची बांधलीय, पाच पोरं पार्किंगच्या कोपऱ्यात राहतात, तिथंच स्टोव्ह. काल ग्रुपवर कोणीतरी टाकलं की परप्रांतीय आहेत, आधार कार्डं घेऊन ठेवा, बायकामुलं असतात. सकाळी अध्यक्ष दारात. "तुम्ही मोकळे असता, तेवढे फोटो घ्या त्यांच्या कार्डांचे."

मी म्हटलं, मागच्या वर्षी प्लंबिंगवाले जतचे होते, तेव्हा घेतली होती का?

"ते आपलेच होते." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि साहेब, ठराव तर तुम्हीच केला होता."

केला होता. 2013 साली मी सेक्रेटरी होतो. दुसऱ्या मजल्यावर बिहारच्या एका वेल्डरचं कुटुंब भाड्यानं आलं होतं. बायको, दोन मुली. तक्रार कसलीच नव्हती. चप्पल दाराबाहेर ओळीनं लावायचे. सभेत तिघांनी विषय काढला, मी इतिवृत्त लिहिलं: 'परप्रांतीयांस सदनिका भाड्याने देऊ नये.' नऊ वर्षं परदेशात राहून आलेल्या माणसाचं अक्षर. 'देऊ नये'तला 'दे' मी तेव्हा जरा ठळक काढला होता, हेही आठवतं. वेल्डर महिनाअखेर गेला. जाताना माझ्याकडं किल्ली द्यायला आला आणि नमस्कार करून गेला. ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तेव्हा म्हणालो होतो, सोसायटीचा निर्णय आहे, माझा नाही.

वेल्डरला सांगलीत राहायला व्हिसा लागत नव्हता. देशात कुठंही राहायचा त्याचा हक्क घटनेच्या 19व्या कलमात आहे. माझा चियांग माईतला हक्क एका शिक्क्यात आहे आणि त्यावर तारीख आहे.

खाली गेलो. त्यांच्यातला थोरला परांचीवरून उतरला. मी माझ्या मोडक्या हिंदीत सुरुवात केली, "वो आधार कार्ड जरा देखना था..."

"देतो की काका," तो म्हणाला. उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्यातला. सांगलीत अकरा वर्षं. 2019च्या महापुरात इथंच होता. पोरगी महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीला, घरी त्याचं मराठी तीच सुधारते. कार्ड मोबाईलच्या कव्हरमागंच ठेवलेलं, लॅमिनेट केलेलं, कोपरे झिजलेले. रोज कोणी ना कोणी मागत असणार, त्याशिवाय ते इतकं हाताशी राहत नाही.

फोटो काढताना मलाच अवघडल्यासारखं झालं, म्हणून सांगितलं की मीही बाहेर राहतो, माझेही असेच कागद बघतात, दर तीन महिन्यांनी.

"कुठं? दुबई?"

"थायलंड."

"काम काय करताय तिकडं?"

"काम करायची परवानगी नाही."

तो हसायला लागला. वर परांचीवरच्या पोराला त्यानं त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं, तोही हसला. "मग करताय काय, काका?"

"राहतो नुसता."

"हां. म्हंजे पाव्हणं," तो म्हणाला आणि ब्रश डब्यात बुडवला.

चौघांचे फोटो झाले. पाचव्याचं कार्ड कपड्यांच्या पिशवीत होतं, संध्याकाळी देतो म्हणाला. संध्याकाळी मी खाली गेलो नाही. ग्रुपवर लिहिलं, 'कार्डं बघितली.' अध्यक्षांनी अंगठा टाकला. मग त्यांना वेगळा मेसेज केला, पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत 2013चा तो ठराव रद्द करण्याचा विषय घ्या, अर्ज मी देतो. अजून निळ्या खुणा झालेल्या नाहीत.

सभा जानेवारीत असते. माझं परतीचं तिकीट 18 डिसेंबरचं आहे.