तुम्ही विचारलंत म्हणून: दुर्बिणीला चष्मा का लावत नाहीत?

आठ इंची दुर्बीण घेऊन मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत आकाशदर्शनाला जातो आणि नेत्रिकेला डोळा लावणारा कोणी ना कोणी विचारतोच, “सर, हा गुरू असा थरथरून का रायला जी? दुर्बिणीले चष्मा लावता येत नाही का?” लावता येतो, फक्त त्याचा नंबर सेकंदाला शेकडो वेळा बदलावा लागतो.

दोष भिंगाचा नसतो. उन्हाळ्यात दिवसभर तापलेले टिनाचे छप्पर रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असते आणि त्यावरून पाहिले की गुरूची कड आधणासारखी खळबळते. गरम आणि थंड हवेत प्रकाशाचा वेग किंचित वेगळा असल्याने वातावरणापर्यंत सपाट आलेली लहर आपल्यापर्यंत चुरगळून पोहोचते. म्हणूनच हवाई बेटावरच्या केक वेधशाळेचा १० मीटरचा आरसा प्रकाश कितीतरी अधिक गोळा करतो, पण नुसता वापरला तर चांगल्या हवेतल्या माझ्या आठ इंचीपेक्षा फारसे बारकावे दाखवत नाही. हे कोणालाच पटत नाही.

यावरचा उपाय अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्येच सुचवला होता. अडले ते वेगवान संगणकांवाचून. आलेला प्रकाश चिमुकल्या भिंगांच्या जाळीवर पाडतात. प्रत्येक भिंग ताऱ्याचा एक ठिपका उमटवते आणि लहर जिथे कललेली असेल तिथला ठिपका जागचा सरकतो. त्यावरून संगणक सुरकुत्यांचा नकाशा काढून एका पातळ आरशाच्या पाठीमागच्या दट्ट्यांना हुकूम देतो आणि ते आरशाला, केसाच्या जाडीहूनही कमी वाकवून, नेमकी उलटी सुरकुती पाडतात. काही मिलिसेकंदांत हवा बदलते, की पुन्हा तेच.

मोजमापासाठी शेजारी तेजस्वी तारा लागतो आणि तो बहुधा नसतो. मग ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा लेसर वर सोडतात; सुमारे ९० किलोमीटर उंचीवर उल्कांनी मागे ठेवलेला सोडियमचा विरळ थर त्याने उजळतो आणि पाहिजे तिथे कृत्रिम तारा मिळतो. एसटी स्टँडवरच्या जुन्या सोडियम दिव्यांच्या पिवळेपणाचे मूळही हाच सोडियम. आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षा या तंत्रामुळे नेमक्या मोजता आल्या आणि तिथल्या सुमारे ४० लाख सूर्यांइतक्या वस्तुमानाच्या अदृश्य वस्तूसाठी २०२० चे नोबेल मिळाले.

माझ्याजवळ तसा आरसा नाही. मी दुर्बीण सिमेंटच्या अंगणातून उचलून शेताच्या धुऱ्यावर नेतो आणि गुरू वर चढेपर्यंत सगळ्यांना थांबायला सांगतो. तोवर टिन निवते आणि गुरूचे दोन पट्टे वेगवेगळे दिसू लागतात, अर्थात थांबलेल्या चारपाच जणांनाच.